पांढऱ्या पेशी

गोपिका आमच्या वसतिगृहात आली तेव्हा रक्ताला रगत म्हणायची. एकोणीसशे बहात्तर साल होतं. नागपुरात धंतोलीतल्या एका खासगी दवाखान्यात आम्ही मुली परिचारिकेचं शिकत होतो. कुहीकडच्या खेड्यातली ही पोरगी माझ्याच खोलीत होती. प्रेमिलाबाई आम्हाला शरीरशास्त्र शिकवत. पहिल्याच दिवशी त्यांनी तिला उभं केलं, ‘रगत’ पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं आणि सगळा वर्ग हसवला. मला त्या बाईंचा तेव्हा राग आला होता, तो अजून गेलेला नाही.

गोपिकाने मात्र हाय खाल्ली नाही. ती हट्टालाच पेटली. भाजी निवडताना ‘पेशी, ऊती, इंद्रिय’, कपडे धुताना ‘आम्ल, अल्क, क्षार’. ताटात लिंबू पिळलं की म्हणायची, "हे आम्ल हाये वं." मेसच्या पाणचट वरणाला ती ‘प्रथिन’ म्हणू लागली, तेव्हा आम्ही तिला कोपरापासून हात जोडले.

तिचे वडील नत्थूजी शेती करत. घराशेजारच्या मोकळ्या जागेवरून त्यांचा चुलतभावाशी नागपूरच्या कोर्टात वाद चालला होता. गावठाणाला तिकडे पांढरी म्हणतात आणि कोर्टाच्या तारखेला पेशी. त्यांच्या घरात सदा एकच विषय, पांढरीची पेशी.

त्या हिवाळ्यात तिच्या आईचं, पार्वतीबाईंचं, पोट दुखायला लागलं. नत्थूजींनी त्यांना आमच्या दवाखान्यात आणून दाखवलं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, तपासायला रक्त घेतलं. सोमवारी पेशीसाठी यायचंच आहे, तेव्हा हिलाही परत आणतो, असं म्हणून नत्थूजी बायकोला घेऊन गावी गेले. शुक्रवारी रिपोर्ट आला. डॉक्टर गोपिकाला म्हणाले, "पांढऱ्या पेशी फार वाढल्यात. आत पू होतोय. सोमवारची वाट पाहू नका, उद्याच भरती करा."

तिच्या गावचा रामाजी त्या दिवशी भाजी घेऊन बाजारात आला होता. गोपिका धावत सुटली, मी तिच्यामागे. आम्ही पोचलो तेव्हा त्याचा ट्रक निघतच होता, इंजिन धडधडत होतं. ती खालूनच ओरडली, "रामाजीकाका, बाबाले सांगजा, पांढऱ्या पेशी लय वाढल्या!"

"सांगतो वं!" रामाजी म्हणाला आणि ट्रक गेला.

परतताना ती मला म्हणाली, "आता बाबा रातोरात निघते, पाहजो." त्या एका शब्दात सगळं आलं, असं तिला वाटत होतं. प्रेमिलाबाईंच्या वर्गात आलंही असतं.

रामाजीने इमानेइतबारे निरोप पोचवला, पांढरीची पेशी वाढली म्हणून. म्हणजे तारीख पुढे गेली. सोमवारचा फेरा वाचला म्हणून नत्थूजी निवांत झाले. गोळ्यांनी बायकोचं दुखणंही जरा दबलं होतं.

इकडे गोपिका शनिवारभर फाटकाकडे डोळे लावून बसली. रविवारीही तेच. सोमवारीही कोणी आलं नाही, तेव्हा मंगळवारी ती रजा टाकून गावी गेली आणि संध्याकाळी आईवडिलांना घेऊनच आली. पू पोटभर पसरला होता. ऑपरेशन झालं, पण पार्वतीबाई शुद्धीवर आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्या गेल्या. मी इतकी हतबल त्यानंतर कधी झाले नाही.

व्हरांड्यातच बापलेकीच्या बोलण्यातून सगळा घोळ उघड झाला. नत्थूजी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. "रडू नको वं बाई. तू बरोबरच सांगतलं. आमीच अडानी. आमाले काय मालूम, आंगातबी पेशी रायते म्हणून?"

गोपिकाने त्यांचा हात बाजूला केला.

"माय लय बिमार हाये, तिले घेऊन या," ती म्हणाली. "इतकं तं मले शाळेत जायच्या आधीपासून बोलता येत होतं गा, बाबा."