चारचा भोंगा

देवळाली प्रवराजवळच्या साखर कारखान्यात सहादेव भोंगा वाजवायचा. माणूस एवढासा, पण रुबाब काय सांगू, अख्खी पंचक्रोशी त्याच्या साखळीवर उठायची-बसायची. भोंगा झाला की सुना चहाचं आधण ठेवायच्या, गुरुजी मनगटावरचं घड्याळ जुळवायचे. सूर्याला कुणी विचारतच नव्हतं बाई.

एकाहत्तर सालातल्या एका दुपारी मात्र भाकरी-ठेचा चापून सहादेवसाहेबांचा डोळा लागला. जाग आली तर साडेचार झालेले. टाइमकीपर रजेवर. सहादेवनं गुपचूप साखळी ओढली आणि गावात तेव्हा चार वाजले. पाळीवाल्यांनी जरा तोंडं वाकडी केली, तेवढंच.

पण शेजारच्या बन्सीची बायको चांगुणा नेमकी त्याच घटकेला बाळंत झाली. रंगुबाई सुईण सांगत सुटली, "भोंग्याबरोबर झाली बघा पोर." जोशीबुवांनी चार धरून पंचांग उघडलं. मूळ नक्षत्र सव्वाचारला संपत होतं. म्हणजे पोर मुळावर. नक्षत्राची शांत होईस्तोवर बापानं तोंड बघायचं नाही. बन्सीचं अंथरूण गोठ्यात गेलं.

हे सगळं सहादेवच्या कानावर आलं. बोलावं तर नोकरी जाणार. मग रोज डिंकाचा लाडू नाहीतर खारीक घेऊन बाळंतिणीच्या खोलीत डोकावायचा. असं केल्यानं पाप थोडंच फिटतंय.

एका सकाळी गोठ्यात बन्सी म्हणाला, "सहादू, तू बघतोस की रोज. कुनासारखी हाय रं?"

"नाक तुझंच हाय."

"आन् डोळं?"

सहादेवला पुढं बोलवेना. खाली बघत म्हणाला, "बन्सी, त्या दिवशी मला झोप लागली हुती. भोंगा साडेचारला झाला. मूळ कवाच सरलं हुतं."

बन्सी ओरडला नाही. हातातली वैरण टाकली नि सरळ खोलीकडं निघाला. दारात रंगुबाई आडवी आली. "आरं, बुवांना तरी इचार."

"बुवांनी भोंग्यालाच इचारलं हुतं ना?" म्हणत तो आत गेला.

सहादेव बाहेर भिंतीशी उभा. आतून बन्सीचा आवाज आला, "नाळ कवा पडली हिची?"

"झालं की चार दिस," चांगुणा म्हणाली. 

तिला अजून काही ठाऊक नव्हतं. तिनं नेहमीसारखी हाक मारली, "भावजी, बाहीर का थांबला? तुमी तर रोजच येता की."

सहादेवचा पाय काही उंबऱ्यापलीकडं पडेना.