गाडीशिवाय फिनिक्स

"फिनिक्समध्ये गाडी नसेल तर माणूस घरात बसतो," दादा फोनवर म्हणाला. "वीकेंडला मी फिरवीन तुला. मधले दिवस आराम कर."

आराम मी लंडनला, हॅरोतल्या घरी, भरपूर केला होता. मागच्या एप्रिलमध्ये ट्यूबच्या प्लॅटफॉर्मवर मला फिट आली, एपिलेप्सीचं निदान झालं आणि ड्रायव्हिंग लायसन्स गेलं. सलग वर्षभर फिट आली नाही, तर ते परत मिळू शकतं. वर्ष भरत आलं होतं आणि घरचे मला काचेच्या बरणीसारखं जपत होते. नवरा, समीर, म्हणाला, "अजून काही आठवडे थांब ना." मी मार्चचं तिकीट काढलं. एकटीचं.

लंडनहून फिनिक्सला थेट विमान आहे. दादा-वहिनी राहतात चँडलर या उपनगरात. एकसारखी मातकट घरं, सहापदरी रस्ते, फुटपाथवर चिटपाखरू नाही. पण गाडीची काच खाली केली आणि संत्र्याच्या बहाराचा वास आत आला. आम्ही दोघं नागपूरचे. काही बोलावं लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाताना दादाने मला नाइलाजाने शेजारच्या टेंपी गावातल्या लाइट रेल स्टेशनवर सोडलं. ही ट्राम थेट डाउनटाउनला जाते. दिवसभराचा पास घ्या, कितीही वेळा चढा-उतरा. रूझवेल्ट रो भागात भिंती न् भिंती चित्रांनी भरलेल्या आहेत, त्या रमतगमत बघत हिंडले. टाको उभ्याउभ्याच खाल्ले. सोबतचा हिरवा साल्सा थेट आपल्या ठेच्याच्या वळणाचा. पाण्याची बाटली मात्र विसरू नका. हवा इतकी कोरडी की घाम आलेला कळतच नाही.

तिसऱ्या दिवशी टेंपीहून बसने स्कॉट्सडेल. ओल्ड टाउनमध्ये लाकडी ओसऱ्यांची दुकानं आणि चांदी-फिरोजाचे सुंदर दागिने. तिथून चालत मोठ्या मॉलमध्ये गेले. वरच्या मजल्यावर पोचले आणि तोंडात लोखंडासारखी चव आली. ती चव मी ओळखते.

शेजारच्या बाकावर एक पांढऱ्या केसांच्या बाई होत्या. त्यांना म्हटलं, "मला फिट येणार आहे. कुशीवर वळवा, घड्याळात वेळ मोजा. पाच मिनिटांत थांबली तर ॲम्ब्युलन्स नको." आणि जमिनीवर बसले.

शुद्धीवर आले तेव्हा डोक्याखाली त्यांचा कार्डिगन होता आणि त्या माझ्या शेजारी चक्क फरशीवर बसल्या होत्या. "टू मिनिट्स, हनी. यू आर ओके." मी रडायला लागले. दुखत होतं म्हणून नव्हे. वर्ष पुन्हा पहिल्यापासून सुरू होणार होतं म्हणून.

बाईंनी माझ्या फोनवरून दादाला सगळं कळवलं होतं. तो धावत आला. चेहरा पांढराफटक. गाडीत म्हणाला, "बास आता. उद्यापासून घरी."

"मला बोटॅनिकल गार्डनमध्ये जायचंय."

"वेडी आहेस का?"

"दादा, फिट घरीही येईल. मला ते उंच निवडुंग बघायचेत, सग्वारो."

पुढचा दिवस मी झोपून काढला; अंग ठेचून निघालं होतं. त्यानंतरच्या सकाळी दारात आले, तर दादा टोपी घालून उभा. रजा टाकलेली.

"बस कुठून मिळते?"

इतकी वर्षं या गावात राहून हा माणूस बसमध्ये चढलेला नव्हता. स्टॉपवर रस्त्याच्या चुकीच्या बाजूला जाऊन उभा राहिला.

बागेत सग्वारो दुमजली घराएवढे, आभाळात हात वर करून उभे. एका बाकावर बसलो. दादा म्हणाला, "त्या अनोळखी बाईला तू सगळं नीट सांगितलंस. मला कधी सांगितलं नाहीस."

"तू कधी विचारलं नाहीस."

"आता विचारतो."

मग सांगितलं. कुशीवर कसं वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, घड्याळात वेळ मोजायची. त्याने ते दोनदा म्हणून दाखवलं, शाळेतल्यासारखं.

हॅरोत परत आल्यावर लायसन्सवाल्यांना फिटचं कळवून टाकलं. वाईट वाटलं, अजून वाटतं. पण ज्याची वर्षभर धास्ती होती ते घरापासून इतक्या लांब, अनोळखी माणसांत घडलं, आणि त्यानंतरही मी सग्वारो बघून आले. हे माझ्यापाशी राहिलं आहे.

फोटो बघता बघता समीर म्हणाला, "मलाही शिकव ना, फिट आली की काय करायचं ते."

मी फोन बाजूला ठेवला आणि सरळ गालिच्यावर आडवी झाले. "ये. वळव मला कुशीवर."