शंभरातली चार बोंडं

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आम्हाला संशोधन पद्धतीचा पेपर होता. तो शिकवणाऱ्या सरांनी आयुष्यात एकदाही स्वतः काही मोजलं नसावं, असं माझं तेव्हा मत होतं आणि आजही आहे. पिवळ्या पडलेल्या वहीतून ते डिक्टेशन द्यायचे. मीन, मीडियन, मोड. रँडम नमुना म्हणजे काय, त्याची व्याख्या लिहा, खाली रेघ मारा. ती व्याख्या मला अजून पाठ आहे, आणि तिचा मला काडीचा उपयोग झाला नाही.

प्रकल्पाची वेळ आली तेव्हा सरांनी कपाटातल्या मागच्या बॅचच्या फायली टेबलावर टाकल्या. "फॉरमॅट हाच ठेवा. आकडे थोडे इकडेतिकडे करा. जास्त डोकं चालवू नका." वर्गातल्या बहुतेकांनी कॅन्टीनमागे बसून दोन दुपारींत वर्षभराचं संशोधन उरकलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. यवतमाळच्या चारी अंगांना बोंडअळी कापूस खात होती, पेपरात रोज फवारताना विषबाधा झालेल्या माणसांच्या बातम्या येत होत्या, आणि आम्ही प्राणीशास्त्रवाले बोंडअळीवरच्याच जुन्या फायलीतले आकडे हलवत बसलो होतो. मी ठरवलं, मी खरं मोजणार.

आमच्या घरी दूध घालायला एक काकू यायच्या. लोहाऱ्याच्या एमआयडीसीपलीकडे त्यांचं चार एकराचं कपाशीचं वावर होतं. आमच्या घरात तीन पिढ्या कचेरीत गेलेल्या, त्यामुळे वावर म्हटलं की मला काकूच आठवल्या. बोंडं तोडायला येऊ का, असं विचारलं तर त्या खूश झाल्या.

"ये ना माय. फक्त मले इतकं सांग, अजून फवारा माराचा का नाही. मागच्या खेपेले तुहे काका फवारता फवारता चक्कर येऊन वावराच्या कडेले, धुऱ्यावर पडलते. उगीचच नाही पाठवत मी त्यायले आता."

मी पुस्तकात पाहून सांगितलं. शंभर हिरवी बोंडं ब्लेडनं फोडायची. दहाच्या वर किडकी निघाली तर फवारायचं, कमी निघाली तर नाही. काकूंनी मान डोलावली. त्यांच्या घरात फवारा पाठीवर घ्यायचा की नाही, हे आता माझ्या ब्लेडवर ठरणार होतं आणि त्याचा मला चक्क अभिमान वाटला होता.

रँडम आकड्यांचा तक्ता घेऊन मी वावरात शिरले. सातवी ओळ, एकोणिसावं झाड. तिसरी ओळ, चाळिसावं झाड. वीस बोंडं तोडून फोडेपर्यंत ऊन डोक्यावर आलं, हाताला ओरखडे पडले. काकू म्हणाल्या, "तू बस सावलीत, फोडत राह्य. मी आणून देतो." मी निंबाखाली बसून तक्त्यातले आकडे ओरडून सांगायची आणि काकू कापूस वेचायच्या ओटीतून बोंडं आणून माझ्यापुढे ओतायच्या. हिरवीगार, टपोरी. मी एकेक फोडून वहीत लिहीत गेले. शंभरात चार किडकी.

"काकू, चारच. फवारायची गरज नाही."

"बरं झालं माय," त्या म्हणाल्या, आणि मला ज्वारीच्या भाकरीबरोबर ठेचा खाऊ घातला.

सरांनी माझं टेबल पाहिलं आणि चष्मा काढला. "अख्खा जिल्हा अळीनं बसला आणि तुझ्या वावरात चार टक्के? तीस-पस्तीस लिही."

"सर, मी मोजलंय."

"मोजलं असशील. पण वाचणाऱ्याला पटायला तर पाहिजे."

"मग मोजायचंच कशाला, सर?"

सगळ्या वर्गासमोर मी त्यांच्याशी भांडले. त्यांच्याच डिक्टेशनमधली वाक्यं त्यांना ऐकवली. शेवटी त्यांनी वैतागून सही केली आणि फाईल माझ्याकडे सरकवली. मी जिंकले होते. दिवाळीपर्यंत येईल त्या पाहुण्याला मी हा पराक्रम सांगत होते.

दिवाळीनंतर काकू दूध घालून मुकाट्यानं जायला लागल्या. मला राहवलं नाही, एक दिवस मीच वावरात गेले. बोंडं अर्धवट उकलून वाळली होती. आत पिवळट, गुठळी झालेला कापूस, ज्याला इकडे कवडी म्हणतात. ओळीच्या ओळी तशाच. फवारा मारला नव्हता, कारण मी नको म्हटलं होतं.

"असं कसं झालं काकू? मी तर मोजलं होतं."

काकू वेचता वेचता बोलल्या, मानही वर केली नाही. "अवं, ते तर मी चांगली चांगली पाहून आणली होती. दाबून दाबून. तू पहिल्या खेपेले वावरात आलती. तुले किडकं देऊ का मी?"

मला आधी राग आला तो त्यांचाच, हे कबूल करायला हवं. घरी येऊन कच्ची वही काढली. पहिली वीस बोंडं, माझ्या हातची: तीन किडकी. पुढची ऐंशी, काकूंच्या हातची: एक. तिसरीतल्या पोराला दिसलं असतं. मी त्याच आकड्यांचं स्टँडर्ड डेव्हिएशन तीन दशांश स्थळांपर्यंत काढलं होतं आणि कोणी तोडली ते एकदाही पाहिलं नव्हतं. हाती येईल ते बोंड, किडकं असलं तरी तेच हवं, हे काकूंना धड समजावलं नव्हतं. ओळीचे नंबर तेवढे ओरडले होते. आणि न मोजता फेकलेला सरांचा आकडा माझ्यापेक्षा खऱ्याच्या जवळ होता. त्याचा संताप अजून जात नाही.

मी सरांकडे गेले. दुरुस्ती करायची आहे म्हटलं.

"आता कशाला? बाइंडिंग झालं, मार्क विद्यापीठात गेले," ते म्हणाले. वर, खुशीत, "तुझी फाईल सगळ्यात वर ठेवलीय मी. पुढच्या बॅचला फॉरमॅट म्हणून."

दुसऱ्या दिवशी काकू दूध घेऊन आल्या. मी पातेलं पुढे धरलं. काय बोलायचं ते रात्रभर ठरवलं होतं. पण त्यांनीच आधी विचारलं, "काय माय, पास झाली का त्याच्यात?"

मी हो म्हटलं.

"मंग झालं," म्हणाल्या, आणि नेहमीसारखं मापाच्या वर थोडं दूध त्यांनी माझ्या पातेल्यात ओतलं.