रोबोटाचा सोमवार

आमची आक्का रोबोट चालवायची तेव्हा तोंडाने बैल हाकल्याचे आवाज काढायची. हातात टीव्ही गेमचा रिमोट, डोक्यावर पदर, कपाळावर विभूतीचे पट्टे आणि तोंडाने अखंड "हो हो... च्क च्क... सर बाजूला!" पडद्यावरचा तो तीनमजली लोखंडी गडी डावीकडे वळला की आक्काही पाटासकट डावीकडे कलंडायची. एकदा अशीच कलंडत ती थेट ज्वारीच्या पिठाच्या डब्यावर आदळली. डबा उपडा, आक्का पांढरीफटक, आम्ही धावलो. उठायच्या आधी तिने एवढंच विचारलं, "लाल्या पडला न्हाई ना?"

लाल्या म्हणजे तो रोबोट. खेळात त्याचं भलंमोठं इंग्रजी नाव यायचं, पण रंग लाल म्हणून आक्काने बारसं उरकून टाकलं होतं.

आक्का माझ्या वडिलांची थोरली बहीण. दिंद्रुडला दिलेली, तरुणपणीच विधवा होऊन सिरसाळ्याला माहेरी आली ती कायमची. आमचं सरकी-पेंडीचं दुकान, थोडं रान आणि एक बैलजोडी. त्यातला बैलांचा सगळा कारभार तिच्या हातात. गावात तेव्हा नुकतीच केबल आली होती, आमच्या बैठकीत रंगीत टीव्ही आला होता, आणि माझ्या दहावीनंतरच्या सुट्टीत परळीचा मामेभाऊ संजू त्याचा टीव्ही गेम पिशवीत घालून आमच्याकडे राहायला आला. कॅसेटवर गाड्या होत्या, विमानं होती, आणि सगळ्यात शेवटी हे राक्षसी रोबोट. आक्का सुपात तांदूळ निवडत बघत बसली होती. संजूचा रोबोट तिसऱ्यांदा खड्ड्यात गेला तशी तिने सूप खाली ठेवलं.

"आरं, किती पळवतूस त्याला? आण हिकडं."

तो रिमोट पुन्हा संजूच्या हातात फारसा आला नाही.

तिची खेळायची रीत न्यारी होती. नवा शत्रू समोर आला की आधी त्याला "शरणार्थ" म्हणून नमस्कार करायचा, मग ठोसा. प्रत्येक टप्पा पार झाला की खेळ थांबवून लाल्याला विसावा द्यायचा. संजू तळमळायचा. "आक्का, मशीन हाय ती, तिला कशाला विसावा?" त्यावर तिचं ठरलेलं उत्तर, "लोखंड आसलं म्हून काय झालं, दमतंयच की." शिवाय गेमचा चार्जर तापायचाच. आक्का त्यावर हात ठेवून जिंकल्यासारखी आमच्याकडे बघायची.

दिवस मावळला की खेळ बंद, कारण दिवस मावळल्यावर औत चालत नाही. आणि सोमवारी तर नावच काढायचं नाही. आमच्या लिंगायत घरात सोमवारी बैल जुंपत नाहीत. तो महादेवाचा वार, म्हणून नंदीचा वार. त्या दिवशी बैलांना धुवायचं, वैरण टाकायची, खांद्यावर जू ठेवायचं नाही. लाल्यालाही तोच नियम लागू झाला. सोमवारी आक्का टीव्हीची काच ओल्या फडक्याने पुसायची, वर एक विभूतीचं बोट ओढायची, बस्स.

सुट्टी संपत आली. मंगळवारी सकाळच्या बसने मी लातूरला अकरावीसाठी निघणार होते, आणि त्याच दिवशी संजू गेम घेऊन परळीला. शेवटच्या टप्प्यावरचा राक्षस काही पडत नव्हता. सहा हात, पोटात भट्टी, आणि त्यातले दोन हात सदा कमरेवर. त्याला पहिल्यांदा पाहिल्याबरोबर आक्काने पदर पुढे ओढला होता.

"आगं बया! हे तर मामंजी!"

मामंजी म्हणजे तिचे दिंद्रुडचे सासरे. तेव्हापासून त्या राक्षसाशी ती अदबीनेच बोलायची. "मामंजी, बाजूला सरा. मामंजी, लागंल तुमाला." आणि मामंजी दर वेळी लाल्याला भिरकावून द्यायचे. हरल्याचं तिला काही नव्हतं. "पर त्यांच्या मागं काय हाय, येवढं एकदा बघायचंय," ती म्हणायची. त्या सुट्टीत तिला दुसरं काहीच नको होतं.

रविवारी दुपारी ती बसली आणि काय हात लागला होता म्हणून सांगू! एकेक टप्पा झरझर मागे पडला. आमची बैठक शेजाऱ्यांनी भरली. एकही प्राण न गमावता लाल्या मामंजींच्या पुढ्यात येऊन उभा राहिला, आणि आक्काने खिडकीतून बाहेर बघितलं. दिवस मावळत होता. तिने पॉजचं बटण दाबलं आणि रिमोट पाटावर ठेवला.

संजू अक्षरशः लोळला. वडील म्हणाले, "आक्का, पाच मिनटाचं काम हाय, उरकून टाक की." आक्का गोठ्याकडे निघून गेली. त्या खेळात डाव साठवून ठेवायची सोय नव्हती. लाईट गेली की सगळं पहिल्यापासून. आणि मधे अख्खा सोमवार होता. सिरसाळ्यात एक दिवस लाईट न जाणं हे मी तोवर पाहिलेलं नव्हतं.

तो सोमवार आमच्या घराने जसा काढला तसा सण कधी साजरा केला नसेल. फ्यूज उडेल म्हणून आईने मिक्सर लावला नाही, वडील चुरगळलेल्या सदऱ्यावर दुकानात गेले. संजू चार्जरजवळ बसून हातपंख्याने वारा घालत होता. आक्काने हुग्गी केली, म्हणजे आमच्याकडची गव्हाची खीर, आणि डबा भरून मला वायरमनकडे पाठवलं. त्याने तिथेच बोटं चाटली. "आक्काला सांग, माज्या हातानं आज लाईन जानार न्हाई. आभाळानंच घेतली तर माजा इलाज न्हाई."

दिवसभर लोक येऊन पडद्यावरचा थिजलेला लाल्या बघून जात होते. शेजारच्या काकूंनी टीव्हीला हळदकुंकू वाहिलं. रानातून आलेला एक म्हातारा म्हणाला, "हालंना कावून हे?" आई म्हणाली, "आज सोमवार हाय." "आस्सं व्हय," म्हणून तो समजुतीने मान हलवत गेला. दुपारी एकदा बल्बची नुसती तार लाल उरली, चित्र चारी बाजूंनी आक्रसलं, आम्ही सगळ्यांनी श्वास रोखला. आणि चित्र परत पसरलं! संजू रडला. मीही रडले, पण रागाने.

गोठ्यात आक्का बैलाची पाठ चोळत होती. मी तिच्यावर ओरडलेच. "लाईट गेली तर तुला कधीच दिसणार नाही मामंजींच्या मागं काय आहे! कावून येवढा हट्ट?"

ती चोळत राहिली. "दिंद्रुडला मी चौदा वर्सांची गेलते, बाई. तितंबी सोमवारी बैल सोडायचे. मी दावनीपाशी उभी ऱ्हाऊन बघायचे. मला न्हवता सोमवार." मग म्हणाली, "तवाच ठरवलं. मी ज्याला जुपीन, त्याला सोमवार देईन. न दिसंना का."

मला तिचे पाय धरावेसे वाटले. मी दुसरं फडकं घेतलं आणि दुसऱ्या बैलाला लागले.

मंगळवारी उजाडलं तेव्हा लाल्या उभाच होता. आक्काने अंघोळ केली, लिंगपूजा केली, टीव्हीला हात लावून पाया पडली आणि बसली. "मामंजी, शरणार्थ," ती म्हणाली, आणि पदर पुढे न ओढता कमरेला खोचला. त्यानंतर जे झालं त्याचं वर्णन मला जमणार नाही. सहाच्या सहा हात निखळले, भट्टी फुटली, संजू खाटेवर उड्या मारत होता, वडील टाळ्या पिटत होते, आणि दाराशी गोळा झालेली गल्ली ओरडली, "मामंजी पडले! मामंजी पडले!"

मागे एक हिरवं रान निघालं. बाकी काही नाही. लाल्या त्या रानात चार पावलं गेला आणि गुडघे मुडपून खाली बसला.

"बसला," आक्का म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "बसू द्या त्याला." तिने स्वतःच्या हाताने बटण बंद केलं. माझी बस केव्हाच गेली होती. मी दुपारच्या बसने लातूरला गेले.

पुढे माझं लग्न झालं, नवरा पुण्याचा. पाठवणीला सगळे रडत असताना आक्काने त्याला बाजूला घेतलं. "जावईबापू, येकच मागनं हाय. सोमवारी हिला जुपायचं न्हाई." त्याला काही कळलं नाही, पण त्याने हो म्हटलं आणि पाळलं. सोमवारी मी स्वयंपाकघरात पाऊल टाकत नाही. खिचडी तो करतो, भयंकर तिखट करतो.

आक्का जाऊन आता बरीच वर्षं झाली. माझा मुलगाही राक्षसी रोबोटच चालवतो. त्याच्या रोबोटाला पन्नास शस्त्रं, पंख, आणि डाव वाटेल तेव्हा साठवून ठेवता येतो. सोमवारी मात्र आमच्याकडे तोही बंद. परवा मुलगा चिडला. "आई, तो खरा नाहीये गं! मशीन आहे, दमत नाही!"

मी काही म्हणायच्या आत आतून, खिचडी ढवळता ढवळता, नवऱ्याचा आवाज आला, "लोखंड आसलं म्हून काय झालं, दमतंयच की." पुण्याचा माणूस, पण हेल पक्का सिरसाळ्याचा लागला होता.