नुसती टेकलेली शिंगं

किर्गिझस्तानातल्या अत-बाशी गावात कालिपाने कितीतरी लेकींना सासरी न्यायला नमदे, म्हणजे लोकरीची जाड नक्षीदार बैठक, शिवून दिले. स्वतःच्या लेकीचा तेवढा राहिला. लेक बेगिमाय बिश्केकला संगणकावर काम करायची आणि लग्नाचं नाव काढलं की पुढच्या उन्हाळ्यावर ढकलायची. तोवर कालिपाच्या हाताला कंप सुटला. खडूने नमद्यावरची मेंढ्याच्या शिंगांची नक्षी काढायला जावं तर वळणं भलतीकडेच जायची.

"तुझ्या यंत्राला सांग काढायला," ती सुट्टीला घरी आलेल्या लेकीला म्हणाली. "तुला जेवू घालतंय, मलाही मदत करू दे. मरायच्या आधी त्या नमद्यावर एकदा बसायचंय मला."

"बस की, आपा. चहा तेवढा सांडू नकोस." आईला ती आपाच म्हणायची.

कालिपाची रीत अशी, की दोन शिंगांच्या रेषा जिथे भेटतात तिथे आधी लाल दोऱ्याचा टाका, मग बाकीची शिवण. बेगिमायने आईच्या जुन्या नमद्यावरून त्या रेषा संगणकात उतरवल्या. भेटीच्या जागा हुडकायला तिने कोड लिहिला: वरची रेषा खाली गेली, की तिथे लाल ठिपका. ठिपक्यांचा कागद छापला, त्याबरहुकूम दोघींनी लोकर कापून शिवली.

नमदा उचलला आणि मधोमध फाकला. तिथे रेषा एकमेकींना ओलांडत नव्हत्या, नुसत्या टेकून माघारी फिरत होत्या. कोडला ते दिसलंच नाही. मधला टाका नाही, म्हणून सगळी शिवण तिरकी ओढली गेलेली.

"असू दे गं," कालिपा म्हणाली. "अंथर. मला बसायचंय, शिंगं मोजायची नाहीत."

"चुकलेलं काम मी हातावेगळं करत नाही, आपा."

"ही खोड कुणाची उचललीस?" कालिपा म्हणाली, पण सुखावली.

बेगिमायने सगळं उसवलं. रेषांमधलं अंतर संपून पुन्हा वाढतं तिथेही ठिपका पडेल, असं कोडमध्ये घातलं. मधला ठिपका उमटला तसा कागद घेऊन ती चुलीपाशी आली. कालिपा भिंतीला टेकून, उघड्या जमिनीवर बसली होती. हाक मारली, हलवलं. ती गेली होती.

तिथल्या रीतीप्रमाणे मयत ठेवायला अंगणात लोकरीचा गोल तंबू उभा राहिला, बायकांचं आक्रंदन सुरू झालं. बेगिमायने आत नमद्याचे उसवलेले तुकडे मांडले.

"सासरी न्यायचा नमदा मयताखाली घालतात का, पोरी?" शेजारीण बुरुल म्हणाली.

"तिला बसायचं होतं त्यावर."

बुरुलने सुईत लाल दोरा ओवून दिला. बेगिमायने मधोमध एकच टाका घातला. मग आईला त्यावर टेकवलं.