बारीक तोंडाची बाटली

फॉर्मेलिन उघडलं की डोळे चुरचुरायचे आणि वरच्या कचेरीचं पत्र उघडलं की डोकं फिरायचं. सत्तरच्या दशकात कामरगावकडच्या एका सरकारी दवाखान्यात मी कंपाउंडर होतो. रुग्णाच्या गाठीचा तुकडा काढला की तो सडू नये म्हणून फॉर्मेलिनमध्ये घालायचा आणि नागपूरला तपासणीला पाठवायचा, हे माझं काम. रुंद तोंडाच्या बाटल्या द्या, असं लिहून लिहून मी थकलो. यायच्या त्या खोकल्याच्या औषधाच्या, बारीक तोंडाच्या. सोबत उत्तर, ‘उपलब्ध साहित्यात काम भागवावे.’ भागवलं.

इंझोरीची एक मजूर बाई आली. छातीत गाठ होती. डॉक्टरांनी काढलेला मऊ तुकडा मी चिमट्यानं ढकलला, तसा आत गेला. पंधरा दिवसांनी नागपूरचं पत्र आलं. तुकडा कडक होऊन आत अडकला, बाटली फोडताना त्यात काचा घुसल्या, दुसरा पाठवा. म्हणजे बाईला पुन्हा कापायचं. कचेरीचा संताप आला, त्याहून जास्त माझा, कारण असं होतं हे मला ठाऊक होतं.

तिला सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

“नरम व्हतं तवा गेलं. मुरल्यावर बाहीर कसं येईन? लोनचं कोनी असल्या बाटलीत घालते का, भाऊ?”

“वरून त्याच येतात, बाई.”

“येऊ द्या वरून. पन कापून तर मलेच राह्यले ना तुमी?”

दुसऱ्या खेपेला ती घरची लोणच्याची काचेची बरणी राखेनं घासून घेऊन आली. बरणी परत येणार नाही, आली तरी तिच्यात खायचं काही घालता येणार नाही, हे मी दोनदा बजावलं.

गाठ वाईट निघाली. तिला नागपूरला नेऊन ऑपरेशन केलं. वाया गेलेल्या दिवसांनी काही बिघडलं का, असं मी डॉक्टरांना विचारलं. सांगता येत नाही, म्हणाले.

कैऱ्यांच्या दिवसांत ती दारात उभी राहिली. अर्धी झाली होती, पदर अंगभर घट्ट लपेटलेला.

“माही बरनी आली का, भाऊ?”

दोनदा बजावूनही हेच! एरवी मी खेकसलो असतो. टेबलावर त्याच सकाळी आलेलं बाटल्यांचं खोकं होतं. तिनं एक बाटली उचलली, तोंडात बोट घालून पाहिलं. बोट जाईना. तिनं ती जागेवर ठेवली.

खोकं मी सही न करता परत पाठवलं आणि बरणी आणायला बाजारात गेलो.