आक्काची मऊ भाकरी

“हिला गहू पूर्ण बंद,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि खाटेशेजारी बसलेली आक्का ताडकन उभी राहिली.

“गहू बंद? मग पोरगी खानार काय?”

“ज्वारीची भाकरी, भात, वरण, अंडं, केळी.”

“आजारी लेकराला भाकरी?” आक्कानं सगळ्या वॉर्डकडे वळून विचारलं. “ऐकलं का वो? दवाखान्यात आनून भाकरी चारनार हायत!”

वॉर्डातल्या बायकांनी माना हलवल्या. मी दारात ताटं घेऊन उभी होते. आता ही माझ्याकडे बघून काहीतरी बोलणार, या भीतीनं मी पदर पुढं ओढला आणि भिंतीच्या कडेनं आत गेले. चार माणसांत बोलायचं म्हटलं की मला घाम फुटायचा. म्हणून तर मी स्वयंपाकघरातलं काम धरलं होतं.

ही सोलापुरातल्या एका लहान मुलांच्या खाजगी दवाखान्यातली गोष्ट. बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. डॉक्टर सांगतील ते पेशंटसाठी शिजवायचं, हे माझं काम. त्याला तिथं डायट म्हणत. डायट म्हणजे काही निराळा पदार्थ नसतो. कुणाच्या जेवणात मीठ नाही, कुणाच्या जेवणात तेल नाही, एवढंच. पण गहू नाही, असं डायट मी पहिल्यांदाच ऐकत होते.

पोरीचं नाव शकू. वय पाच, पण दिसायची तीन वर्षांची. पोट तेवढं पुढं आलेलं, हातपाय काड्या. जुलाब थांबतच नव्हते. वडील शाळेत गुरुजी होते. आई ओली बाळंतीण, म्हणून गुरुजींची थोरली बहीण मंद्रूपहून आली होती. ती ही आक्का. अंगानं दणकट, आवाजानं त्याहून.

आता आक्काचं म्हणणं अगदीच वेडेपणाचं नव्हतं. आमच्या भागात रोज भाकरीच. गहू निघायचा तो सणाला, पाहुण्याला आणि आजाऱ्याला. भाकरी जड, चपाती हलकी, हे आमच्याकडं कुणाला शिकवावं लागत नाही. त्यामुळं शकूचं पोट बिघडलं की तिला दुधात कुस्करलेली चपाती. आणखी बिघडलं की रव्याची खीर. त्याहून बिघडलं की बिस्किटं. पोरगी जितकी आजारी, तितका गहू जास्त, असं दोन-तीन वर्षं चाललं होतं. सगळी मायाच होती.

डॉक्टरीणबाई स्वयंपाकघरात आल्या आणि त्यांनी मला समजावून सांगितलं. गव्हात एक चिकट पदार्थ असतो, त्याला ग्लुटेन म्हणतात. त्याच्यामुळंच कणीक ताणली तरी तुटत नाही आणि चपाती लाटता येते. आपल्याला तो बाधत नाही. काही थोड्या माणसांच्या आतड्यांना मात्र तो सोसत नाही. आतडी आतून खराब होतात, मग खाल्लेलं काही अंगी लागत नाही. या आजाराला सिलिॲक म्हणतात.

“औषध काय त्याला, बाई?” मी विचारलं.

“औषध तुमच्याकडंच आहे, मावशी. गहू द्यायचा नाही. बस.”

मला ते फार सोपं वाटलं. गहू द्यायचा नाही, त्यात अवघड काय? माझी गव्हाची परात मी फळीवर वर ठेवून दिली आणि शकूसाठी वेगळा तवा काढला.

अवघड काय ते दुसऱ्या दिवसापासून कळायला लागलं. शेजारच्या खाटेवरच्या बाईनं शकूला सांजा भरवला. “रवा हाय की, गहू कुटं हाय?” म्हणाली. गुरुजींचे एक सोबती शिरा घेऊन आले. तो प्रसादाचा होता, आणि प्रसाद बाधत नसतो. भेटायला येणारा प्रत्येक माणूस बिस्किटाचा पुडा घेऊन यायचा. रिकाम्या हातानं आजाऱ्याकडं कसं यायचं? खुद्द गुरुजी एकदा डॉक्टरीणबाईंना म्हणाले, “मैदा चालेल ना? तो अगदी पांढरा असतो.”

“गुरुजी, मैदा कशापासून होतो?”

गुरुजींनी हातातला खारीचा पुडा हळूच पिशवीत परत टाकला.

शेवटी डॉक्टरीणबाईंनी हुकूम काढला. शकूच्या तोंडात बाहेरचं काही जाता कामा नये. राखणीला आक्का. आक्काला हुकूम आवडला. डॉक्टरांवर तिचा विश्वास नव्हता, पण राखण करायची हौस दांडगी होती. बिस्किटाचा पुडा दिसला की ती दारातच अडवायची. एक अट मात्र तिनं घातली. माझी भाकरी पोरगी खात नाही, म्हणून भाकरी ती घरून करून आणणार. सकाळी ती आंघोळीला आणि गुरुजींचा स्वयंपाक करायला घरी जायचीच.

“ज्वारीचीच ना पण?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“ज्वारीचीच की! मंगळवेड्याची ज्वारी हाय घरात. दानं बघा येऊन, मोत्यावानी.”

डॉक्टरीणबाईंनी परवानगी दिली. मी भात-वरण देत राहिले, आक्का भाकरी देत राहिली. पुडे बंद, सांजा बंद, प्रसाद बंद. पंधरवडा होत आला, तरी शकू होती तशीच. जुलाब तसेच. वजन करायला उचलली की सिस्टर नुसती मान हलवायची.

डॉक्टरीणबाई माझ्या स्वयंपाकघरात येऊन परात, तवा, पिठाचे डबे बघून गेल्या. मला रडूच यायचं बाकी होतं. आक्काला त्यांनी वॉर्डात सगळ्यांसमोर विचारलं, “आक्का, खरं सांगा, गहू दिलात का?”

“मला मेलीला काय पोरगी जड झालीया? चपातीचा एक तुकडा दिला आसंल तर जीभ झडंल माजी!”

आणि ती खोटं बोलत नव्हती.

एके दिवशी सकाळच्या राऊंडला डॉक्टरीणबाईंनी गुरुजींना बाजूला बोलावलं. मी दूध वाटत होते, म्हणून ऐकू आलं. “गुरुजी, माझा अंदाज चुकलेला दिसतो. गहू बंद करून काही फरक नाही. म्हणजे हा पोटाचा टीबी असावा. उद्यापासून इंजेक्शनं सुरू करू. बरेच महिने घ्यावी लागतील. गहूही परत सुरू करा, निदान अंगात काहीतरी जाईल.”

गुरुजींचा चेहरा उतरला. पोरीच्या दंडाला इंजेक्शन टोचायला मांस कुठं होतं? आक्का तेवढी जिंकल्यासारखी दिसत होती. “मी म्हनलं हुतं की! गव्हानं कुटं कोन आजारी पडतंय?”

दुपारी ती वरण गरम करायला स्वयंपाकघरात आली. खुशीत होती. माझ्या टोपलीतली भाकरी उचलून तिनं वाकवली. भाकरी कटकन तुटली.

“बघा. सकाळची भाकरी दुपारी पापड. हे पोरीनं कसं खायाचं?” मग तिनं स्वतःच्या फडक्यातली भाकरी काढली आणि रुमालासारखी चार घड्या घालून दाखवली. “ही बी सकाळचीच हाय.”

मला चांगलंच झोंबलं. दुसरं काही येत नसलं तरी भाकरी मला येते, असं मी समजून होते. पीठ जुनं झालं की भाकरी तुटते, ते ठीक. पण ताज्या पिठाची भाकरीसुद्धा गार झाल्यावर घडी घालू देत नाही. मी चाटच पडले. लाज गिळून हळूच विचारलं, “आक्का, कशी करता वो? मलाबी सांगा की.”

आक्कानं दाराकडं बघितलं. मग माझ्या जवळ सरकून, एखादा दागिना दाखवावा तशी म्हणाली, “कुनाला सांगू नगा. पिठात मूटभर गव्हाचं पीट टाकायचं. सासूनं शिकवलंय मला. तुटत न्हाय, चिरत न्हाय, लेकराला तर लई आवडती.”

मी हातातलं उलथनं खाली टाकलं.

“आक्का, गहू बंद हुता की पोरीला!”

“मूटभर म्हंजे काय गहू झाला व्हय? भाकरी ज्वारीचीच हाय.”

डॉक्टरीणबाई त्या वेळी ओपीडीत होत्या. ओपीडी म्हणजे बाहेरचे पेशंट तपासायची खोली. बाहेर बाकांवर माणसंच माणसं. त्या गर्दीतून, पिठाच्या हातांनी, मी कशी गेले ते मला सांगता येणार नाही. एवढं आठवतं की मी दारातूनच मोठ्यानं ओरडले, “बाई, टीबी न्हाय! आक्काची भाकरी मऊ हाय!”

सगळी ओपीडी माझ्याकडं बघायला लागली. डॉक्टरीणबाईंनी कानातली नळी काढली. “कसली भाकरी?” मग मी सगळं सांगितलं, तशा त्या खुर्ची ढकलून उठल्या.

स्वयंपाकघरात आक्का कमरेवर हात ठेवून उभी होती. “मुटीनं काय हुतंय?” तिचं एकच पालुपद. डॉक्टरीणबाईंनी दोन वाट्या पुढं ओढल्या. त्यांनी मला मूठभर कणीक आणि मूठभर ज्वारीचं पीठ भिजवायला सांगितलं. मग ज्वारीचा गोळा आक्काच्या हातात दिला. “नळाखाली धुवा.” आक्कानं धुतला. गोळा विरघळून वाहून गेला, हात रिकामे झाले. मग कणकेचा गोळा दिला. आक्का धूत राहिली, पांढरं पाणी जात राहिलं, आणि शेवटी तिच्या बोटांना रबरासारखा एक लगदा चिकटून राहिला. ताणला तर लांबायचा, सोडला तर आखडायचा.

“हा ग्लुटेन,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “एका मुठीतला. शकूच्या आतड्यांना याचा कणसुद्धा सोसत नाही.”

आक्कानं तो लगदा पुन्हा एकदा ताणून बघितला. मग एकदम खाली बसली. “म्हंजे मीच की वो...” तिचा मोठा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला.

“तुम्ही मायेनंच दिलंत,” डॉक्टरीणबाई तिच्यासमोर उकिडव्या बसल्या. “इंजेक्शनं रद्द करते. आता मला महिनाभर खरीखुरी ज्वारी द्या.”

उकळत्या पाण्यात पीठ मळलं की भाकरी जरा जास्त वेळ मऊ राहते. ते मी आणि आक्कानं मिळून करून बघितलं. रुमालाची घडी काही पडली नाही, पण शकू दुधात कुस्करून खायला लागली. दहा-बारा दिवसांत जुलाब कमी झाले. मग तिला भूक लागायला लागली. महिना संपता संपता ती दुसरी भाकरी मागत होती, आणि दिली नाही तर आत्याला चावत होती.

आक्काचं मात्र आता उलटं झालं. ती गिरणीवाल्याशी भांडून आली. ज्वारीवर गहू दळला की पीठ काळं पडतं, म्हणून बाया ओरडतात. गव्हावर ज्वारी दळली तर गिरणीत उरलेला गहू ज्वारीत मिसळतो, पण तेव्हा कुणीच ओरडत नाही. आक्का ओरडली. आधी दुसऱ्याची ज्वारी दळून झाल्याशिवाय ती आपला डबा पुढं करेना. वॉर्डात येणाऱ्या प्रत्येक आईला ती सांगू लागली, “गहू बंद करा पोराचा.” एका पोराचा हात मोडला होता, त्याच्याही आईला सांगितलं.

“आक्का, त्याचा हात मोडलाय,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

“आसू द्या की. गहू वाईटच.”

शकू घरी गेली तेव्हा तिला माझ्याच्यानं उचलवेना, इतकी भरली होती. गुरुजींनी नमस्कार केला. मी पदराआडून मान हलवली.

नंतर मी त्या दवाखान्यात बरीच वर्षं होते. गहू बंद असलेली आणखी मुलं आली, आणि ती सुधारत नसली की डॉक्टरीणबाई मला वॉर्डात पाठवायच्या. ‘गहू दिलात का’ असं मी कुणाला कधी विचारलं नाही. त्याला ‘नाही’ हे एकच उत्तर येतं, आणि तेही मनापासून. मी नुसती जवळ जाऊन बसायचे आणि म्हणायचे, “तुमची भाकरी छान होते, कशी करता?” मग बायका सगळं सांगतात. न विचारता आमटीत काय घालतात तेसुद्धा सांगतात.